गॅसवरचा ट्रक आला, पंपाचे काय?

पिंपळगाव बसवंतच्या बाजार आवारात लिलाव आटोपले की गाड्या भरण्याची घाई सुरू होते. हमालांचा आरडाओरडा, गोण्यांच्या थप्प्या, बिल्टीसाठी ताटकळलेले ड्रायव्हर, आणि या सगळ्यांच्या तोंडी एकच विषय असतो, तो म्हणजे डिझेल. कांदा उतरला की शेतकरी रडतो, डिझेल चढले की गाडीवाला रडतो. पण शेवटी दोघांचेही रडणे शेतकऱ्याच्याच पट्टीत उतरते. चेन्नईला किंवा कोलकात्याला माल पोहोचवायला किती भाडे लागेल, याचा हिशेब मनात धरूनच व्यापारी बोली बोलतो. भाडे वाढले की बोली उतरते. म्हणून ट्रक कशावर चालतो, हा प्रश्न फक्त गाडीमालकाचा नाही, तो बांधावरच्या माणसाचाही आहे.

आवाराबाहेरच्या चहाच्या टपरीवर असाच एक वाद ऐकायला मिळाला. पाच एकर रान आणि दोन गाड्या असलेले एक गृहस्थ आणि त्यांचा पुतण्या. पुतण्याच्या डोक्यात एलएनजीचा ट्रक बसलेला.

"नाना, डिझेलच्या नावानं किती दिवस बोंब मारायची? आता गॅसवरच्या गाड्या आल्यात. एकदा टाकी भरली की हजार किलोमीटरच्या पुढं जाती म्हणत्यात."

"जाती, कबूल आहे. पण पुढं गेल्यावर काय? धाब्यावर गॅस मागशील का? डिझेल कुठंबी भेटतं. तुझा पंप कुठं आहे ते सांग आधी."

पुतण्या गप्प बसला. नानांनी विचारलेला हा प्रश्न साधा असला तरी साऱ्या विषयाचे मर्म त्यातच आहे. त्याचाच मागोवा घेण्याचा हा प्रयत्न.

घरच्या सिलिंडरचा गॅस नव्हे

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपल्या घरी सिलिंडरमध्ये येतो तो एलपीजी. तो पेट्रोलियमपासून मिळणारा वेगळा गॅस आहे. रिक्षा, मोटारी आणि पिकअप गाड्यांत जो सीएनजी भरतात तो नैसर्गिक वायू, म्हणजे मुख्यतः मिथेन. हाच मिथेन दाब देऊन दाटीवाटीने टाकीत कोंबला की त्याला सीएनजी म्हणतात, आणि उणे १६२ अंश सेल्सिअसपर्यंत गार करून त्याचे पाणी केले की तो एलएनजी होतो. गोबर गॅसच्या टाकीत तयार होणारा ज्वलनशील वायूही मिथेनच. म्हणजे गॅस ओळखीचाच आहे, त्याचे रूप तेवढे नवे.

एवढे गार करण्याचा खटाटोप कशासाठी? तर वायूचा द्रव झाला की तो सुमारे ६०० पट कमी जागेत मावतो. सीएनजीच्या जाडजूड टाक्या ट्रकला लावल्या तरी लांबचा पल्ला गाठता येत नाही. एलएनजीच्या टाकीत तेवढ्याच जागेत कितीतरी जास्त इंधन बसते. म्हणून गावातल्या फेऱ्यांना सीएनजी आणि लांब पल्ल्याच्या जड वाहतुकीला एलएनजी, अशी साधारण वाटणी जगभर झाली आहे. चीनमध्ये असे ट्रक लाखोंच्या संख्येने धावतात, आणि त्यांच्यासाठी महामार्गांवर पंपही हजारोंनी उभे आहेत. तिथे गॅस डिझेलपेक्षा स्वस्त झाला की गाडीवाले गॅसकडे वळतात आणि महाग झाला की पाठ फिरवतात. धंद्याचा नियम सगळीकडे एकच!

एलएनजीची टाकी थर्मासच्या बाटलीसारखी असते. आत एक, बाहेर एक अशी दुहेरी भिंत आणि मधली हवा काढून घेतलेली. या टाकीला थंडावा निर्माण करणारे यंत्र नसते. आत आलेला गारवा जितका वेळ टिकवता येईल तितका टिकवायचा, एवढेच तिचे काम. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचाच घोळ होतो.

घोषणा मोठी, मजल छोटी

आपल्याकडे या इंधनाचा गाजावाजा झाला तो गेल्या काही वर्षांत. १९ नोव्हेंबर २०२० रोजी तेव्हाचे पेट्रोलियम मंत्री धर्मेंद्र प्रधान यांनी सुवर्ण चतुष्कोन व मोठ्या राष्ट्रीय महामार्गांवरील पहिल्या ५० एलएनजी पंपांची पायाभरणी केली. दर २०० ते ३०० किलोमीटरवर एक पंप आणि तीन वर्षांत देशभर १,००० पंप, असे उद्दिष्ट जाहीर झाले. त्याआधी त्याच वर्षी जून महिन्यात गॅस नियामक मंडळाने कोणालाही कुठेही असा पंप काढता येईल, हे स्पष्ट केले होते.

महाराष्ट्र यात मागे नव्हता. ११ जुलै २०२१ रोजी नागपुरात कामठी मार्गावर एका खासगी उद्योगसमूहाच्या एलएनजी केंद्राचे उद्घाटन केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या हस्ते झाले आणि देशातील पहिले म्हणून त्याचे कौतुक झाले. २३ सप्टेंबर २०२२ रोजी चाकणला ब्लू एनर्जी मोटर्स या कंपनीच्या एलएनजी ट्रकचे अनावरण झाले. २०२३ च्या वाहन प्रदर्शनात टाटांनीही आपला एलएनजीवरचा ट्रक मांडला. म्हणजे गाडी आपल्याच राज्यात तयार होते आणि पंपाचा नारळही आपल्याच राज्यात फुटला.

पण १,००० पंपांचे काय झाले? तीन वर्षांची मुदत २०२३ च्या अखेरीस संपली, तेव्हा त्या आकड्याच्या जवळपासही मजल गेली नव्हती. जे मोजके पंप झाले ते मोठ्या कारखान्यांच्या, बंदरांच्या आणि महामार्गांच्या आसपास. कोणी मुद्दाम आडकाठी केली असे नव्हे. पंप चालवण्याचे गणितच अवघड आहे.

कोंबडी आधी की अंडे?

एलएनजीच्या पंपाला पाइपलाइन लागत नाही, हा त्याचा मोठा फायदा. किनाऱ्यावरच्या टर्मिनलवर जहाजातून उतरवलेला द्रव खास थंड टँकरमध्ये भरतात आणि तो टँकर रस्त्याने थेट पंपावर येतो. गुजरातेत दहेजला जानेवारी २००४ मध्ये कतारहून पहिले जहाज लागले, पुढच्या वर्षी हाजिरा सुरू झाले. आपल्या कोकणात दाभोळला २०१३ पासून टर्मिनल आहे.

दाभोळचे नाव काढताच जुन्या वाचकांना एन्रॉन आठवेल. ज्या प्रकल्पावरून नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात रान पेटले, त्या प्रकल्पाची वीज १९९९ मध्ये नाफ्त्यावर सुरू झाली आणि २००१ मध्ये बंदही पडली. गॅस उतरवण्याचे टर्मिनल तेव्हा अर्धवटच राहिले. २००५ मध्ये नव्या कंपनीने प्रकल्प ताब्यात घेतल्यावर पुढे आठ वर्षांनी तिथे पहिले जहाज लागले. त्यातही लाटा अडवणारा बांध अनेक वर्षे अपुरा असल्याने पावसाळ्यात जहाजे लावता येत नसत. एका बांधापायी चार महिने टर्मिनल रिकामे! साखळीतला एक दुवा निखळला की बाकीचे दुवे कसे लोंबकळतात, याचे यापेक्षा चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

आता पंपाचा हिशेब पाहू. एका टँकरमध्ये साधारण १७ टन द्रव येतो. दोन टाक्यांच्या मोठ्या ट्रकला एका वेळी ३५० ते ४०० किलो लागतो. म्हणजे एका टँकरवर ४० ते ४५ ट्रक भरतात. दिवसाला ४० ट्रक येत असतील तर रोज ताजा टँकर येईल आणि पंप धडाक्यात चालेल. पण दिवसाला पाचच ट्रक आले तर तोच माल आठ-नऊ दिवस टाकीत पडून राहणार. तोवर बाहेरची उष्णता हळूहळू आत शिरते, द्रवाचा वायू होऊ लागतो आणि दाब वाढतो. तो वायू कुठेतरी वापरावा लागतो, नाही तर तोटा. डिझेल महिनाभर जमिनीखाली ठेवा, काही बिघडत नाही. एलएनजी दुधासारखा आहे, उठाव नसेल तर घरात ठेवून उपयोग नाही.

म्हणून पंपवाला म्हणतो, आधी गाड्या येऊ द्या. गाडीवाला म्हणतो, आधी पंप होऊ दे. दोघेही बरोबर आहेत आणि दोघेही बसून आहेत.

हिशेब वहीवर मांडून पाहा

पुतण्याचे म्हणणे अगदीच हवेतले नाही, हेही सांगितले पाहिजे. किलोभर एलएनजीत लिटरभर डिझेलपेक्षा जास्त ऊर्जा असते. पण गॅसचे इंजिन ठिणगीवर चालते, त्यामुळे डिझेल इंजिनाइतका कस ते काढत नाही आणि फायद्याचा काही भाग तिथे जातो. समजुतीसाठी एक हिशेब मांडू. यातले आकडे धरून चाललेले आहेत, प्रत्येकाने आपल्या गाडीचे व त्या दिवशीच्या भावाचे घालावेत.

समजा, गाडी महिन्याला ८ हजार किलोमीटर धावते. डिझेलवर लिटरला साडेतीन किलोमीटर धरले तर सुमारे २,२८६ लिटर लागेल. ९० रुपये भावाने ते झाले २ लाख ५ हजार ७४० रुपये. गॅसवर किलोला ३.८ किलोमीटर धरले तर २,१०५ किलो. ८० रुपये भावाने १ लाख ६८ हजार ४०० रुपये. महिन्याला ३७ हजारांची बचत. आकडा मोहात पाडणारा आहे.

पण गॅसचा ट्रक डिझेलच्या ट्रकपेक्षा महाग असतो. हा फरक २० लाख धरला, तर नुसता तो भरून यायला साडेचार वर्षे लागतात, तीही व्याज न धरता. त्यात गॅस ८० चा ९५ झाला, तर ३७ हजारांची बचत जेमतेम ६ हजारांवर येते. हप्ता मात्र तेवढाच राहतो. शिवाय पंपासाठी वाट वाकडी करून ४० किलोमीटर रिकामे जावे लागले तर त्याचा खर्च वेगळाच.

हा हिशेब नानांपुढे मांडला तेव्हा ते हसून म्हणाले, "साहेब, कंपनीच्या गाडीला परवडंल. तिला सिमेंट भरून इथून तिथं आन् तिथून इथं. आमचं तसं नाही. चेन्नईला कांदा टाकला की तिथून परतीचं भाडं भेटंल तिकडं जायचं. कधी बेंगळुरू, कधी हैदराबाद, कधी आणखी कुठं. पंप बघून भाडं घ्यायला लागलो तर गाडी इकावी लागंल."

नानांनी एका दमात जे सांगितले ते मोठमोठ्या अहवालांचे सार आहे. ठरलेला रस्ता, ठरलेला माल आणि रोजची फेरी असेल तर दोन टोकांना दोन पंप पुरतात. म्हणून आजवर एलएनजीचे ट्रक प्रामुख्याने सिमेंट, पोलाद आणि मोठ्या कंपन्यांच्या मालवाहतुकीत गेले. बाजारात आलेल्या गाड्याही बव्हंशी ट्रेलर ओढणाऱ्या अवजड जातीच्या. एकदोन गाड्यांवर संसार चालवणारा आणि भाडे मिळेल तिकडे जाणारा गावाकडचा ट्रकमालक या चित्रात अजून बसलेला नाही.

गाडी उभी राहिली तर?

थर्मासची गोष्ट ध्यानात ठेवा असे वर म्हटले ते याचसाठी. आपल्याकडची वाहतूक हंगामी. कांद्याचा, द्राक्षांचा, उसाचा हंगाम असला की गाडीला क्षणाची उसंत नसते आणि हंगाम सरला की गाडी वस्तीवर उभी. घरात लग्न निघाले, ड्रायव्हर गावी गेला, व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले, की आठ-पंधरा दिवस चाक हलत नाही. डिझेलच्या गाडीचे त्याने काही बिघडत नाही. एलएनजीच्या टाकीतला दाब मात्र साधारण पाच-सात दिवसांनी इतका वाढतो की सुरक्षा झडप उघडते आणि गॅस हवेत सोडला जातो. पैसाही जातो आणि धोकाही होतो. अशी गाडी बंद पत्र्याच्या शेडमध्ये किंवा चाऱ्याच्या गंजीशेजारी कदापि उभी करू नये.

आणखी एक गोष्ट. घरच्या सिलिंडरचा गॅस गळला की वास येतो, कारण तसा वास त्यात मुद्दाम घातलेला असतो. एलएनजी इतका गार असतो की त्यात हा वास घालता येत नाही. त्यामुळे गळती नाकाला कळत नाही, त्यासाठी गाडीत आणि पंपावर गॅस ओळखणारे यंत्र लागते आणि ते चालू स्थितीत ठेवावे लागते. भरताना अंगावर थेंब उडाला तर कातडी भाजल्यासारखी होते, म्हणून जाड हातमोजे आणि तोंडावर काच असल्याशिवाय नळीला हात लावायचा नाही. डिझेलच्या पंपावर क्लीनरने नळी हातात घेतली, असा मामला इथे चालत नाही.

याचा अर्थ हे इंधन भलतेच घातक आहे असा नव्हे. नियम पाळले तर ते चांगले सांभाळता येते. द्रव स्वतः पेटत नाही, त्याचा वायू होऊन हवेत ५ ते १५ टक्के प्रमाणात मिसळला तरच पेट घेतो, आणि ऊब आल्यावर तो हवेपेक्षा हलका होऊन वर निघून जातो. अशा पंपांना परवाना देणाऱ्या केंद्रीय यंत्रणेचे मुख्यालय नागपुरातच आहे. मात्र कागदावरचे नियम ड्रायव्हरच्या अंगवळणी पडायला प्रशिक्षण लागते, आणि ते तालुक्याच्या गावी मिळत नाही.

भावाची दोरी परदेशात

देशाला लागणाऱ्या नैसर्गिक वायूपैकी जवळपास निम्मा बाहेरून येतो, आणि पंपावर विकला जाणारा एलएनजी बहुतेक जहाजानेच आलेला असतो. २०२० मध्ये आशियाच्या बाजारात या गॅसचा भाव २ डॉलरच्या आसपास कोसळला होता. पंपांची घोषणा झाली ती त्याच स्वस्ताईच्या वर्षात. पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध सुरू झाले, युरोपने मिळेल त्या भावाने गॅस उचलला आणि त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये तोच भाव ५० डॉलरच्या पुढे गेला. स्वस्ताईच्या भरवशावर ज्यांनी गणित मांडले होते त्यांचे हात पोळले. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी गोव्यात भारताने कतारशी वर्षाला ७५ लाख टनांचा करार २०२८ पासून पुढच्या २० वर्षांसाठी वाढवून घेतला. याने मोठी धरसोड कमी होईल. तरी कांद्याच्या भावाची दोरी दिल्लीच्या हातात म्हणून आपण ओरडतो, इथे ती आणखी दूर आहे हे विसरता येत नाही.

मग आपल्याला यात काय?

तीन गोष्टींत आपल्या भागाचा फायदा संभवतो.

पहिली, जिथे पाइपलाइन पोहोचलेली नाही तिथे टँकरने एलएनजी आणून त्याचा तिथेच सीएनजी करता येतो. भाजीपाला आणि दूध नेणाऱ्या पिकअप, छोटे टेम्पो, रिक्षा यांना त्याचा थेट उपयोग आहे. एकाच पंपावर ट्रकला द्रव आणि पिकअपला वायू देता आला, तर पंपाचा मालही पडून राहत नाही. कोंबडी-अंड्याचा तिढा सुटण्याची ही एक चांगली वाट आहे.

दुसरी गोष्ट एसटीची. २०२४ मध्ये एसटी महामंडळाने ५ हजार डिझेल गाड्या एलएनजीवर आणण्याचा बेत जाहीर केला. एसटी ठरलेल्या मार्गावर धावते आणि ठरलेल्या आगारात येते, म्हणजे या इंधनाला ती सोयीची. आगारात पंप झाला आणि तो इतर वाहनांनाही खुला ठेवला, तर तालुक्याच्या ठिकाणी आपोआप सोय होईल. बेत कागदावरून आगारात किती उतरतो, यावर लक्ष ठेवले पाहिजे.

तिसरी गोष्ट आपल्या शिवारातली. साखर कारखान्याचा प्रेसमड, शेण, भाजीबाजारातला कचरा यांपासून मिथेन होतो. साधारण २० ते २५ टन प्रेसमडपासून एक टन शुद्ध गॅस मिळतो आणि उरलेली रबडी शेताला खत म्हणून चालते. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्राने अशा गॅसच्या ५ हजार प्रकल्पांची योजना आखली. तीही उद्दिष्टाच्या फार मागे राहिली, हे खरे. पण हाच गॅस अधिक शुद्ध करून गार केला की त्याचा एलएनजी होतो. मग भावाची दोरी कतारला नव्हे, कारखान्याच्या गेटवर राहील. एकट्या कारखान्याला हा खर्च जड जाईल, दोन-चार कारखाने आणि वाहतूक संस्था एकत्र आल्या तर विचार करता येईल. सहकारात वाढलेल्या जिल्ह्यांना हे अशक्य नाही.

पर्यावरणाचाही एक शब्द. गॅसवरच्या गाडीचा धूर डिझेलपेक्षा पुष्कळ स्वच्छ असतो, रस्त्याकडेच्या गावांना त्याचा दिलासा आहे. पण न जळलेला मिथेन गळून हवेत गेला तर तो पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पट दांडगा. म्हणून गळती थांबवली तरच या इंधनाला स्वच्छ म्हणता येईल. शिवाय विजेवरचे अवजड ट्रकही बाजारात उतरू लागले आहेत. दहा वर्षांनी कोणता घोडा पुढे असेल, हे आज कोणीही छातीठोकपणे सांगू नये.

चहा संपला, गाडी भरून झाली. ताडपत्री ओढता ओढता पुतण्याने पुन्हा विषय काढला, "मग नाना, काय ठरलं?"

नाना म्हणाले, "ठरायचं काय? ज्या दिवशी चेन्नईच्या वाटंवर तीन जागी गॅस भेटंल अन् तीन वर्ष भाव हलणार न्हाई असं कोणी लिहून देईल, त्या दिवशी जुनी गाडी काढू. तवर हप्ता माझ्या नावावर हाय, मंत्र्याच्या नाही."

गाडी डिझेलचा धूर सोडत महामार्गाला लागली. नवे काही घेण्याला शेतकरी किंवा गाडीवाला कधी भीत नाही. ठिबक त्याने घेतले, ट्रॅक्टर घेतला, मोबाइल घेतला. पण कर्ज काढून घेतलेली वस्तू आडरानात बंद पडणार नाही, एवढी हमी त्याला हवी असते. ट्रक विकणाऱ्या कंपन्यांनी, पंपांची उद्दिष्टे जाहीर करणाऱ्या सरकारने आणि आपल्या लोकप्रतिनिधींनीही नानांच्या त्या एका प्रश्नाचे उत्तर आधी द्यावे. पंप कुठे आहे?